नवी जलवाहिनी की आहे त्या पाण्याचा हिशेब? शहरी पाणीपुरवठ्याच्या धोरणाविषयी एक उत्तर

आपल्या प्रश्नाचा सारांश असा आहे : आपण शहराच्या पाणीपुरवठ्यावर देखरेख करणाऱ्या नागरिक समितीत आहात, शहराला रोज तीन तास पाणी मिळते, टोकाच्या वस्त्यांना टँकरवर भागवावे लागते, आणि समितीपुढे सध्या दोन प्रस्ताव आले आहेत. एक दूरच्या जलाशयातून नवी जलवाहिनी आणण्याचा आणि दुसरा पाण्याचे वितरण खासगी कंपनीकडे सोपवण्याचा. यांपैकी कोणते धोरण अधिक परिणामकारक ठरेल, असे आपण विचारले आहे.

वितरण व्यवस्थेच्या देखभालीत आणि पुढे पाणीपुरवठा योजनांच्या छाननीत माझी बरीच वर्षे गेली. त्या आधारे सांगतो की हे दोन प्रस्ताव एकमेकांचे पर्याय नाहीत. पहिला प्रस्ताव पाणी किती आणायचे याविषयी आहे, दुसरा ते कोणी वाटायचे याविषयी. आणि आज जे पाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडते त्याचे पुढे काय होते, या दोहोंच्या आधीच्या प्रश्नाला कोणत्याच प्रस्तावात हात घातलेला नाही. बहुतेक शहरांत त्याचे मोजून दिलेले उत्तर कोणाकडेच नसते. म्हणून माझे म्हणणे क्रमाविषयी आहे : आधी मोजणी, मग दाब आणि गळती, मग दर, त्यानंतर पुनर्वापर व भूजल, आणि हे सारे मार्गी लागल्यावर किंवा लागत असताना नवा स्रोत. क्रम उलटा झाला की चांगले धोरणही पैसे खाते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच मान्य करतो. शहराखालचा खडक पाणी धरणारा आहे की नाही, वरच्या अंगाला शेती आणि उद्योग किती पाणी उचलतात, लोकसंख्या किती वेगाने वाढते आहे, जलवाहिन्या कोणत्या धातूच्या आणि किती जुन्या आहेत, भूजलावर कायदेशीर अधिकार शहराचा आहे की वरच्या शासनाचा, यांवर तपशील बदलतात. ज्या शहरात माणशी दररोज पन्नास लिटर पाणीसुद्धा स्रोतातूनच येत नाही, तिथे नव्या स्रोताला थांबवण्यात अर्थ नाही. पण टोकाची वस्ती कोरडी आणि टाकीजवळच्या वस्तीत अंगणे धुतली जात आहेत, असे चित्र असेल, तर दोष बहुधा स्रोतात नसतो.

मोजणीपासून सुरुवात करू. आंतरराष्ट्रीय जल संघटनेने २००० साली पाण्याच्या ताळेबंदाचा एक नमुना प्रसिद्ध केला आणि आज जगभर तोच वापरला जातो. व्यवस्थेत सोडलेल्या पाण्यातून बिल झालेले पाणी वजा केले की उरते ते महसूल न देणारे पाणी. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात असे पाणी वर्षाला सुमारे १२६ अब्ज घनमीटर आहे. या पाण्याचे तीन भाग पडतात : जमिनीत मुरणारी खरी गळती, मंदावलेले मीटर व चोरी यांमुळे होणारा हिशेबातला तोटा, आणि अग्निशमन किंवा सार्वजनिक नळ यांसारखा अधिकृत पण बिलाविना वापर. वहीत तिन्ही एकाच आकड्यात दिसतात, उपाय मात्र तिघांचे निरनिराळे आहेत. गळती थांबवली तर पाणी हाती येते. मंद मीटर बदलला तर पाणी जवळजवळ तेवढेच राहते, फक्त पैसे हाती येतात. म्हणून ‘आमच्याकडे चाळीस टक्के गळती आहे’ असे कोणी सांगितले, तर त्यातली प्रत्यक्ष गळती किती आणि कशावरून, हे लगेच विचारावे. पुष्कळदा तो आकडा केवळ वजाबाकीतून आलेला असतो, आणि ज्या दोन आकड्यांची वजाबाकी केली त्यांतला एक पंप किती तास चालला यावरून अंदाजाने मांडलेला असतो.

खरी गळती मोजण्याची रीत थोडी तपशिलाने सांगतो, कारण धोरण लिहिणाऱ्यांनी ती निदान एकदा डोळ्यांनी पाहिलेली असावी. शहराचा साधारण ५०० ते ३,००० नळजोडण्यांचा एक भाग निवडतात. त्याच्या सीमेवरच्या सगळ्या झडपा बंद करून पाणी एकाच वाहिनीतून आत येईल अशी व्यवस्था करतात आणि त्या वाहिनीवर प्रवाहमापक बसवतात. मग ती वाहिनीही थोडा वेळ बंद करतात आणि आतला दाब शून्यावर येतो का ते पाहतात. दाब उतरला नाही, तर नकाशावर नसलेली एखादी जोडणी शेजारच्या भागातून पाणी आणते आहे असे समजावे. जुन्या शहरात अशी एखादी तरी जोडणी सापडतेच. ती शोधून बंद केल्यावर रात्री दोन ते चार या वेळेत आत येणारा प्रवाह नोंदवतात. त्या वेळी लोक झोपलेले असतात, तेव्हा रुग्णालये, पाळीतले कारखाने यांचा वापर वजा केला की जे उरते ते जवळजवळ सगळे गळतीचे असते. त्यानंतर आतल्या झडपा एकेक करून बंद करत जातात. ज्या झडपेला प्रवाहमापकाचा आकडा एकदम खाली येतो, त्या झडपेपलीकडच्या गल्लीत ऐकण्याची दांडी घेऊन माणूस जातो, दांडीचे एक टोक वाहिनीवर आणि दुसरे कानाला लावतो, आणि पाण्याच्या सरसर आवाजावरून जागा ठरवतो. तीन तासांच्या पुरवठ्यात ही चाचणी करता येत नाही, कारण पाणी आले की घरोघरच्या टाक्या भरू लागतात आणि त्यांचा प्रवाह गळतीत मिसळतो. म्हणून त्या भागाला चाचणीपुरते काही दिवस अखंड पाणी द्यावे लागते, आणि टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणाऱ्या तरंगत्या झडपा नीट चालतात याची आधी खात्री करावी लागते.

या मोजणीतून एक गोष्ट नेहमी पुढे येते आणि ती ऐकणाऱ्यांना खोटी वाटते. रस्त्यावर फुटलेली मोठी वाहिनी वर्तमानपत्रात छायाचित्रासह येते, पण ताशी ५० घनमीटर वाहणारी ती फूट एका दिवसात बुजवली तर वाया गेलेले पाणी १,२०० घनमीटर होते. घराच्या जोडणीवर जमिनीखाली ताशी एक घनमीटर झिरपणारी गळती सहा महिने कोणाच्या लक्षात आली नाही, तर तिचे पाणी ४,३०० घनमीटरच्या वर जाते. अशा गळत्या शेकड्यांनी असतात. म्हणजे पाणी किती जाते हे भोकाच्या आकाराइतकेच ते किती दिवस उघडे राहते यावर ठरते, आणि म्हणून ‘दरवर्षी इतके किलोमीटर वाहिन्या बदलू’ अशा घोषणेपेक्षा ‘गळती कळल्यापासून इतक्या तासांत दुरुस्ती आणि प्रत्येक भागाची वर्षातून एकदा रात्रतपासणी’ हा नियम स्वस्त आणि अधिक उपयोगी ठरतो. टोकियोने गळती १९५५ च्या सुमारास असलेल्या २० टक्क्यांवरून ३ टक्क्यांच्या आसपास आणली, त्यात घरजोडण्यांच्या जुन्या नळ्या बदलून पोलादाच्या न गंजणाऱ्या नळ्या घालण्याचा मोठा वाटा होता.

दाब हा दुसरा दुर्लक्षित भाग. दाब कमी केला की गळतीही कमी होते, पण किती, हे नळीवर ठरते. दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत, म्हणजे मीटरमध्ये मोजतात : तो ६० मीटरवरून ४० मीटरवर आणला तर लोखंडी नळीतल्या गोल भोकाची गळती सुमारे १८ टक्क्यांनी, आणि दाबाबरोबर फाकणाऱ्या प्लास्टिकच्या नळीतल्या चिरेची गळती जवळजवळ ४५ टक्क्यांनी उतरते. सखल भागांच्या तोंडाशी दाब नियंत्रित करणारी झडप बसवण्याचा खर्च नव्या वाहिनीच्या मानाने किरकोळ असतो. शिवाय वाहिन्या फुटण्याचे प्रमाणही घटते.

येथे धोरणाच्या मसुद्यासाठी एक सूचना करतो. उद्दिष्ट टक्क्यांत लिहू नये. लोकांनी काटकसर केली आणि गळती होती तेवढीच राहिली, तर टक्केवारी वाढलेली दिसते आणि काम बिघडल्याचा आभास होतो. उलट वापर वाढला तर काहीही न करता टक्केवारी सुधारते. ‘प्रति जोडणी प्रति दिवस इतके लिटर’ असे उद्दिष्ट घालावे आणि त्यासोबत दाब व पुरवठ्याचे तास नोंदवावेत.

आता तीन तासांच्या पुरवठ्याकडे येतो. पाणी कमी आहे म्हणून कमी तास द्यावे लागतात, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात दिवसाचे पाणी तीन तासांत द्यायचे म्हणजे वाहिनीतून सरासरीच्या आठपट प्रवाह जावा लागतो, आणि अखंड पुरवठ्यासाठी आखलेल्या वाहिन्या साधारण दुप्पट-तिप्पट प्रवाहाच्या हिशेबाने घातलेल्या असतात. त्यामुळे टाकीजवळच्यांना भरपूर दाब मिळतो आणि टोकाच्यांना पाणीच पोचत नाही. उरलेले एकवीस तास वाहिनी रिकामी असते, तिच्यात बाहेरचे घाण पाणी शिरते, आणि पुरवठा सुरू होताना आधी हवा ढकलली जाते, जिच्यावर मीटरही फिरतात. लोक नळ उघडा ठेवून वाट पाहतात आणि दुसऱ्या दिवशी ताजे पाणी आले की शिळे ओतून देतात.

म्हणून अखंड पुरवठा हे योग्य ध्येय आहे, मात्र ते एका आदेशाने साधत नाही, आणि का साधत नाही हे साध्या गणिताने कळते. समजा रोजच्या १०० एकक पाण्यापैकी तीन तासांत २० एकके गळतात. गळती दुरुस्त न करता त्याच दाबाने चोवीस तास पाणी सोडले, तर गळायलाच १६० एकके लागतील. इतके पाणी शहराकडे नसते. ज्या ठिकाणी असा प्रयोग घाईने केला जातो तिथे दोन आठवड्यांत टाक्या तळाला जातात आणि ‘आपल्याकडे हे चालत नाही’ असा निष्कर्ष काढून विषय संपवला जातो. त्याऐवजी एक भाग घ्यावा, त्याची सीमा पक्की करावी, गळत्या काढाव्यात, मीटर बसवावेत, आणि तिथे वाचलेले पाणी पुढच्या भागाला द्यावे. याला काही वर्षे लागतात. निवडणुकीच्या वेळापत्रकात हे काम बसवणे अवघड जाते, ही खरी अडचण आहे आणि तिच्यावर माझ्याकडे तांत्रिक उपाय नाही. पहिल्या भागाचे आकडे दर महिन्याला जाहीर करत राहणे एवढेच सुचवू शकतो.

दरांचा विषय समितीत सर्वांत जास्त तापतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. कमी वापराला स्वस्त आणि जास्त वापराला महाग, ही टप्प्यांची दररचना गरिबांच्या बाजूची वाटते. एका मीटरवर एकच कुटुंब असेल तर ती तशी असतेही. पण समजा पहिली १५ एकके एककामागे १ या दराने आणि पुढची तिप्पट दराने आहेत. चार कुटुंबे एका जोडणीवर मिळून ४० एकके वापरतात. त्यांचे बिल १५ अधिक ७५, म्हणजे ९०, अर्थात एककामागे २.२५. शेजारच्या मोठ्या बंगल्यातले एकच कुटुंब २५ एकके वापरते. त्याचे बिल ४५, एककामागे १.८. प्रत्येकी दहा एककांत भागवणाऱ्यांनी पंचवीस वापरणाऱ्यापेक्षा महाग पाणी घेतले. ज्यांना नळजोडणीच नाही, त्यांना तर या स्वस्त टप्प्याचा स्पर्शही होत नाही. ते टँकरचा भाव देतात. म्हणून सवलत द्यायचीच तर ती आधी जोडणीच्या शुल्कावर द्यावी, शुल्काचे हप्ते पाडून द्यावेत, आणि सामायिक मीटरवर कुटुंबांच्या संख्येने टप्पे गुणावेत. चिलीमध्ये १९८९ च्या कायद्यापासून वेगळा मार्ग आहे : दर सर्वांना खर्चाइतका, आणि गरजू कुटुंबाच्या बिलातला ठरावीक वाटा महिन्याच्या पहिल्या १५ घनमीटरपर्यंत शासन भरते. कुटुंबांची यादी विश्वासार्ह ठेवता येत असेल तर ही पद्धत अधिक नेमकी आहे. यादीच सदोष असेल तर ती सवलत भलतीकडे जाते.

दरांचा आणखी एक पैलू केपटाउनच्या दुष्काळात स्पष्ट झाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथे माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा आली, दाब उतरवले गेले, आणि शहराचा वापर दुष्काळापूर्वीच्या निम्म्याच्या आसपास आला. नळ कोरडे पडण्याचा जाहीर केलेला दिवस टळला. पण पाणी कमी विकले गेल्याने महसूलही घसरला, तर व्यवस्थेचा बहुतेक खर्च तसाच राहिला, कारण पगार, कर्जफेड आणि वाहिन्यांची देखभाल पाण्याच्या प्रमाणात कमी होत नाही. त्याच वर्षी जुलैपासून शहराला जोडणीच्या मापानुसार स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असो द्यावे लागणारे ठरावीक शुल्क, लावावा लागला, आणि ज्यांनी काटकसर केली होती ते साहजिकच चिडले. तात्पर्य, स्थिर आकार आणि वापरानुसार दर अशी दोन भागांची रचना संकट येण्याआधीच असावी. संकटात ती शिक्षेसारखी वाटते.

आता खासगीकरणाचा प्रस्ताव. यावर मला बाजू घेण्यास सांगितले जाते, तेव्हा मी फिलिपिन्समधल्या मनिलाचे उदाहरण देतो. १९९७ साली त्या शहराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करून दोन खासगी कंपन्यांना दीर्घ मुदतीचे करार दिले गेले. पूर्व भागात महसूल न देणारे पाणी ६३ टक्क्यांवरून दीड दशकात ११-१२ टक्क्यांपर्यंत खाली आले. पश्चिम भागाची कंपनी काही वर्षांतच आर्थिक गर्तेत गेली, कारण जुन्या विदेशी कर्जाचा बहुतेक बोजा तिच्या वाट्याला आला होता आणि त्याच वेळी आशियाई आर्थिक संकटात चलन कोसळले. एकच शहर, एकच वर्ष, एकाच धाटणीचे करार, आणि फळे दोन. दुसरीकडे कंबोडियाच्या राजधानीची, नॉम पेन्हची, पाणीपुरवठा संस्था सरकारीच राहिली. १९९३ साली तिच्या ७२ टक्के पाण्याचा महसूल मिळत नव्हता. संस्थेचे प्रमुख एक सोन चान (‘एक’ हे आडनाव) यांच्या नेतृत्वाखाली प्रत्येक जोडणीला मीटर लागला, कर्मचाऱ्यांच्या बढतीला कामगिरीची अट लागली, वजनदार थकबाकीदारांचेही पाणी तोडले गेले, १९९६ मध्ये संस्थेला आर्थिक स्वायत्तता मिळाली, आणि हे प्रमाण सुमारे ६ टक्क्यांवर आले. मालकी कोणाची, यापेक्षा संस्थेचा पैसा तिच्याकडेच राहतो का, तिच्या प्रमुखाला काही वर्षे टिकू दिले जाते का, आणि तिचे आकडे कोणी त्रयस्थ तपासतो का, हे मी आधी पाहतो. शिवाय मोजणी नसताना केलेला करार आंधळा असतो : सुरुवातीची गळती किती होती यावरच पुढे न्यायालयात वर्षे जातात.

भूजल आणि टँकर यांविषयी थोडक्यात. नळाचे पाणी भरवशाचे नसेल तर लोक बोअर घेणारच, आणि त्यावर नुसती बंदी घातली की बोअर कागदावरून नाहीसे होतात, जमिनीतून नाही. टोकियोच्या पूर्वेकडील सखल भागात उपशामुळे जमीन काही ठिकाणी ४ मीटरहून अधिक खचली. १९५६ मध्ये उद्योगांसाठी आणि १९६२ मध्ये इमारतींसाठी उपशावर कायदे आले. ते लागू पडण्याचे मोठे कारण असे की उद्योगांना त्याच वेळी पर्यायी पाण्याच्या वाहिन्या घालून दिल्या गेल्या. टँकरचेही तसेच आहे. भरण्याच्या जागांची नोंदणी आणि तिथे मीटर हे लगेच करता येते, पण टँकरचा धंदा खरोखर आटतो तो त्या वस्तीत नळाला पाणी आल्यावरच.

सांडपाण्याचा पुनर्वापर हा बहुधा तुमच्या शहराचा सर्वांत जवळचा नवा स्रोत असेल, कारण पुरवलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी म्हणून परत येते आणि पावसाळा हुकला तरी येतच राहते. नामिबियाचे विंडहुक शहर १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून पिण्याच्या पाण्यात मिसळते. सिंगापूरने २००३ पासून असे पाणी मुख्यतः उद्योगांना आणि वातानुकूलनाला दिले. पिण्यासाठी वापरण्याचा वाद आत्ता काढण्याची गरज नाही. उद्योग आणि बांधकामे यांना प्रक्रिया केलेले पाणी देऊन तेवढे गोडे पाणी घरांसाठी मोकळे करता येते. मात्र एक अट विसरू नये : विंडहुकने कारखान्यांचे सांडपाणी घरगुती सांडपाण्यापासून वेगळे ठेवले आहे. एकदा रसायने मिसळली की पुढची प्रक्रिया कितीही महागडी असली तरी भरवसा राहत नाही.

पावसाचे पाणी जिरवण्याची सक्ती चांगली आहे, पण तिच्याकडून वाजवी अपेक्षा ठेवाव्यात. चेन्नईने २००३ मध्ये इमारतींना ती लागू केली. तरीही २०१९ च्या उन्हाळ्यात शहराचे मोठे जलाशय आटले. जिरवलेले पाणी भूजलाला आधार देते, शहरभराच्या जलाशयांची जागा घेत नाही. बांधकाम परवान्याच्या वेळी तपासलेला खड्डा पाच वर्षांनी गाळाने भरलेला असतो, त्याची पुन्हा तपासणी कोण करणार हे नियमात लिहिलेले असावे.

राहिला नवा स्रोत. मेलबर्नजवळ दीर्घ दुष्काळाच्या धास्तीने समुद्राचे पाणी गोडे करणारा, वर्षाला १५० अब्ज लिटर क्षमतेचा प्रकल्प उभारला गेला. तो डिसेंबर २०१२ मध्ये पूर्ण झाला, तोवर दुष्काळ संपला होता, आणि २०१६ पर्यंत त्याचे पाणी मागवावे लागले नाही. ठरलेले पैसे मात्र द्यावेच लागले. पर्थने २००६ मध्ये असाच प्रकल्प सुरू केला आणि तो निर्णय योग्य ठरला, कारण तिथे धरणांत येणारे पाणी १९७० च्या दशकापासून सातत्याने घटत होते. एका दुष्काळाला घाबरून घेतलेला निर्णय आणि अनेक दशकांच्या नोंदी पाहून घेतलेला निर्णय यांत हा फरक आहे. तुमच्या प्रस्तावामागे कोणत्या प्रकारच्या नोंदी आहेत, ते पाहा.

पुढच्या बैठकीत समितीने तीन कागद मागावेत, असे सुचवतो : गेल्या बारा महिन्यांचे शुद्धीकरण केंद्रातून पाणी बाहेर पडते तिथल्या मीटरचे आकडे, चालू स्थितीतल्या घरगुती मीटरांची संख्या वयोगटानुसार, आणि सीमा बंद करून एखाद्या तरी भागाची रात्रतपासणी झाली असल्यास तिचा अहवाल. तिसरा कागद बहुधा नसेल. तेव्हा सुमारे १,५०० जोडण्यांचा एक भाग निवडून तिथे वर्षभर हे काम करण्याचा ठराव मांडावा. त्या काळात जलवाहिनीचा प्रस्ताव अडवून धरू नये. तिच्या मार्गाची पाहणी, जमिनीचे हक्क आणि पर्यावरणाच्या परवानग्या यांना तसाही वेळ लागतो आणि त्यांचा खर्च एकूण खर्चाच्या मानाने थोडा असतो, म्हणून ते काम चालू ठेवावे. वाहिनीचा व्यास मात्र त्या एका भागाचे आकडे हाती आल्यानंतरच ठरवावा.